पाळीतील कळ आणि ताटातील तेल

पाळीच्या पहिल्या एक-दोन दिवसांत ओटीपोटात उठणाऱ्या कळेचे मूळ एका मेदाम्लात असते. पाळीच्या तोंडावर प्रोजेस्टेरॉनची पातळी घसरते, गर्भाशयाच्या अस्तरातील पेशींच्या पटलांतून ॲराकिडोनिक आम्ल सुटे होते आणि विकरे त्याचे प्रोस्टाग्लँडिन बनवतात. त्याने गर्भाशयाचा स्नायू जोरात आवळतो, रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्ताला मुकलेला स्नायू दुखू लागतो. मळमळ आणि जुलाबही बहुधा प्रोस्टाग्लँडिनमुळेच.

हे कोडे उलगडण्यात शेफील्डच्या व्ही. आर. पिकल्स यांचा वाटा फार मोठा आहे. हे दुखणे मनाचा खेळ ठरवून बायकांची बोळवण केली जात असताना, १९५७ मध्ये त्यांनी थेट मासिक स्रावच तपासायला घेतला आणि स्नायू आकुंचित करणारा पदार्थ त्यात असल्याचे दाखवले. पुढे तो प्रोस्टाग्लँडिनच असल्याचे निष्पन्न झाले. १९८२ चे नोबेल या रसायनांवरील संशोधनासाठी बर्गस्ट्रॉम, सॅम्युएलसन आणि व्हेन यांना मिळाले. पिकल्स यांचे नाव मात्र आज क्वचितच घेतले जाते, आणि हा अन्याय आहे.

सागरी मासळीतले ईपीए हे ओमेगा-३ मेदाम्ल पेशीपटलात ॲराकिडोनिक आम्लाची जागा घेते. त्यापासून होणारी प्रोस्टाग्लँडिने सौम्य असतात. १९९६ मध्ये अमेरिकेत हारेल आणि सहकाऱ्यांनी ४२ किशोरींना दोन महिने माशाचे तेल आणि दोन महिने नुसत्या दिखाऊ गोळ्या दिल्या. तेलाच्या काळात त्रास स्पष्टपणे कमी झाला. तरी एवढ्या लहान प्रयोगावर रामबाण उपायाची जाहिरात उभी राहू शकत नाही.

भोपाळच्या स्वयंपाकघरात प्रश्न निराळा आहे: मासळीचा नव्हे, रोजच्या तेलाचा. मध्य प्रदेश सोयाबीनचा प्रदेश. सोयातेलात निम्म्याच्या आसपास ओमेगा-६ गटातले, ॲराकिडोनिक आम्लाकडे नेणारे लिनोलेइक आम्ल असते आणि ओमेगा-३ जेमतेम सात टक्के. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक ओमेगा-३ असले, तरी ते अल्फा-लिनोलेनिक आम्ल. शरीर त्यातला थोडाच भाग ईपीएत बदलते, शिवाय त्यासाठी लागणारे विकर लिनोलेइक आम्लालाही हवे असते. त्यामुळे माशाच्या तेलाचे निष्कर्ष जवसाच्या चटणीला जसेच्या तसे चिकटवता येत नाहीत. चटणी पौष्टिक आहेच. फक्त जवस कुटून खावे, अख्खा दाणा न पचताच बाहेर पडतो.

आहारातला बदल कामी आला तरी त्याला दोन-तीन महिने लागतात, कारण पेशीपटलांची घडण सावकाश बदलते. वेदनाशामक गोळी मात्र प्रोस्टाग्लँडिन बनवणारे विकरच अडवते, म्हणून तासाभरात आराम पडतो. दुखणे वर्षागणिक वाढत असेल किंवा पाळी संपल्यावरही राहत असेल, तर एंडोमेट्रिओसिससारखा आजार आहे का हे शोधण्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायला हवे.