इम्प्लांट बसवल्यावरची जबाबदारी

सिलिकॉनचे स्तन-इम्प्लांट एकदा बसवले की काम संपले, हा समज धोक्याचा आहे. शरीर या परक्या वस्तूभोवती तंतुमय आवरण तयार करते. काहींमध्ये ते आवळत जाते, तेव्हा स्तन कडक होतो, दुखतो, आकार बिघडतो. इम्प्लांट फाटले तरी घट्ट जेल बहुधा जागीच राहते, त्यामुळे बाहेरून अनेकदा काही कळत नाही. म्हणूनच अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन पाच-सहा वर्षांनी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करायला सांगते. फ्रान्समधील पीआयपी कंपनी इम्प्लांटमध्ये औद्योगिक दर्जाचे सिलिकॉन भरत असल्याचे 2010 मध्ये उघड झाले. 2019 मध्ये ॲलरगनने खरबरीत पृष्ठभागाची इम्प्लांट जगभरातून परत मागवली, कारण त्यांचा संबंध लिम्फोमा प्रकारच्या एका दुर्मीळ कर्करोगाशी आढळला होता.

यावर कोणी म्हणेल, असे कर्करोग विरळाच आणि हे शहरी श्रीमंतांचे खूळ. पोंभुर्ण्यासारख्या छोट्या तालुक्याला त्याचे काय? धोका विरळ आहे, हे खरेच. घाबरून लक्षणे नसलेले इम्प्लांट काढण्याचा सल्लाही तज्ज्ञ देत नाहीत. पण कर्करोगात स्तन काढल्यावर पुनर्रचनेसाठीही हीच इम्प्लांट वापरतात. शिवाय पोंभुर्ण्याची स्त्री नागपुरात शस्त्रक्रिया करून परतली, तर काही वर्षांनंतर आलेली सूज पहिल्यांदा बघणार तालुक्याचाच डॉक्टर. त्याला कंपनी, मॉडेल आणि क्रमांक कळायला हवा. भारतात वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम 2015 पासून आहे, पण माहितीच नसेल तर नोंद कशाची होणार? म्हणून संमतिपत्रावर सही करण्याआधी इम्प्लांटचे कार्ड, तपासण्यांचा खर्च आणि पुन्हा शस्त्रक्रियेची शक्यता विचारून घ्यावी.