नकाशा, आराखडा आणि तलविन्यास

इतिहासाच्या पुस्तकात एखाद्या मंदिराचे वर्णन सुरू झाले की पहिल्या दोन-चार ओळींतच एक भारदस्त शब्द भेटतो : तलविन्यास. ‘मंदिराचा तलविन्यास तारकाकृती आहे’ हे वाक्य आपण पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि गुणही मिळवतो. पण तलविन्यास म्हणजे नेमके काय, असे कोणी विचारले तर वर्गात शांतता पसरते. गंमत अशी की, ही वस्तू आमच्या घरात रोजच्या बोलण्यातली आहे. माझे वडील गवंडी आहेत. ते तिला ‘नकाशा’ म्हणतात, ठेकेदार ‘प्लॅन’ म्हणतो आणि कचेरीतल्या कागदावर ‘आराखडा’ असे लिहिलेले असते. वस्तू एक आणि नावे चार. तेव्हा आधी नावांचाच विचार करू.

‘नकाशा’ हा शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे आला आणि घरचाच झाला. पण तो देशाचाही असतो, शेताचाही आणि घराचाही. ‘आराखडा’ म्हणजे कामाची आखणी. ती इमारतीची असते तशी पंचवार्षिक योजनेचीही असते. ‘प्लॅन’ तर आपण सहलीचाही करतो. ‘तलविन्यास’ मात्र नेमका आहे. तल म्हणजे तळ, विन्यास म्हणजे मांडणी. इमारतीच्या तळावर भिंती, खांब, दारे आणि खोल्या कशा मांडल्या आहेत, हे तो सांगतो. बोलताना ‘घराचा नकाशा’ म्हणणेच सोयीचे. पण वास्तूविषयी लिहिताना ‘तलविन्यास’ म्हटले की वाचणाऱ्याचा घोटाळा होत नाही.

आता ही आकृती वाचायची कशी? पुष्कळांना वाटते की घर वरून पाहिल्यावर जसे दिसते तसे हे चित्र. पण वरून पाहिले तर फक्त कौले किंवा गच्ची दिसेल! खरी कल्पना वेगळी आहे. जमिनीपासून सुमारे ४ फूट उंचीवर सारे घर करवतीने आडवे कापले, वरचा भाग उचलून बाजूला ठेवला आणि उरलेल्या भागाकडे सरळ वरून पाहिले, असे समजा. उंची साधारण एवढी धरतात, कारण मग दारे आणि खिडक्या दोन्ही कापल्या जातात. कापलेली भिंत ठळक दुहेरी रेघांनी दाखवतात. रेघ तुटली तिथे दार. त्याच्याशी काढलेला कमानीसारखा बाक दाराची फळी कोणत्या बाजूला उघडते ते सांगतो. भिंतीतल्या बारीक रेघा म्हणजे खिडकी. शिडीसारख्या आडव्या रेघा आणि बाण म्हणजे जिना. मजले दोन असतील तर आकृत्याही दोन.

यानंतर प्रमाण पाहावे. १:१०० असे लिहिले असेल तर कागदावरचा १ सेंटिमीटर म्हणजे जागेवरचा १ मीटर. कागदावर ३ सेंटिमीटर रुंद आणि ४ सेंटिमीटर लांब दिसणारी खोली प्रत्यक्षात ३ मीटर रुंद आणि ४ मीटर लांब असते. उत्तर दिशेचा बाण पाहिला की सकाळचे ऊन कोणत्या खोलीत येईल तेही कळते. छताची उंची मात्र या आकृतीत कळत नाही. त्यासाठी घर उभे कापून काढलेला छेद पाहावा लागतो.

हाच कागद माझे वडील जमिनीवर उतरवतात. दोरी ताणतात, फक्कीने रेघा मारतात. कोपरा काटकोनात आहे की नाही हे पाहायला एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट मोजतात आणि तिरके अंतर बरोबर ५ फूट भरते का ते बघतात. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंतचे आहे. पायथागोरस हे नाव त्यांनी ऐकलेले नाही, तलविन्यास हा शब्दही नाही. पण फक्कीने आखलेली ती जागा म्हणजे खराखुरा तलविन्यासच असतो.

असा पूर्ण मापाचा तलविन्यास पाहायचा असेल तर पुण्याच्या शनिवारवाड्यात जावे. १७३० मध्ये बांधायला घेतलेला हा वाडा १८२८ च्या आगीत जळाला. तटबंदी, दरवाजे आणि आतली जोती उरली. पाहणारे म्हणतात, आत काही नाही. पण त्या जोत्यांवरून दालने आणि चौक कुठे होते ते चालत चालत वाचता येते. कार्ल्याचे चैत्यगृह असेच कागदावर पाहावे. सुमारे १२४ फूट लांबीचे ते दालन समोरून सरळ आणि मागून अर्धगोल आहे. खांबांच्या दोन रांगा स्तूपाच्या मागे वळून एकमेकींना मिळतात. का? तर स्तूपाला प्रदक्षिणा घालता यावी म्हणून. म्हणजे तलविन्यासात नुसते दगड नसतात, माणसांची पावलेही असतात.

जुन्या वाड्यांचेही तसेच. ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, परसू या क्रमात कोणी कुठपर्यंत यायचे हे ठरलेले असे. पाहुणा ओसरीवर बसे, बायका माजघराच्या आत राहत आणि कित्येकांना तर अंगणापुढे पाऊल टाकायची मुभा नसे. समाजशास्त्राच्या तासाला आपण जे शिकतो ते त्या रेघांत आखलेले सापडते.

आणि हे केवळ जुन्या काळाचे नाही. आमच्याकडे आजही घर बांधायला निघाले की नकाशा पुरुषांच्या हातांतून फिरतो. ज्या बाईला जन्मभर त्या स्वयंपाकघरात उभे राहायचे असते, तिला ओटा, मोरी आणि खिडकी कुठे आहे हे गिलावा झाल्यावर कळते. तिला विचारले नाही, कारण तिला नकाशातले काय कळते, असे धरून चाललेले असते. वर सांगितले त्यात न कळण्यासारखे काय आहे? कागदावरची भिंत खोडरबराने सरकते. विटांची भिंत सरकवायची तर पहारीने फोडावी लागते आणि मजुरीही दोनदा द्यावी लागते.

म्हणून माझ्या मित्र-मैत्रिणींना एवढेच सुचवावेसे वाटते. तलविन्यास हा शब्द परीक्षेपुरता ठेवू नका. सुट्टीत घरी गेल्यावर आपल्याच घराचा एक काढून पाहा. टेप आणि चौकटीची वही पुरेशी आहे. आणि घरी नव्या बांधकामाचा नकाशा आला तर तो आधी आईपुढे पसरा. दार कोणते, खिडकी कोणती, एवढे दाखवा. पुढचे ती सांगेल.