काकूंना वायफाय द्यायचं, पण कुठला पासवर्ड?

आजचा भाग आमच्या गावाकडून, म्हणजे गोंदिया जिल्ह्यातल्या आमगाव तालुक्यातून रेकॉर्ड केलाय. मध्येच कोंबडा आरवलेला ऐकणाऱ्यांनी चालवून घ्या. वाचणाऱ्यांची त्यातून सुटका आहे.

गेल्या वर्षी शेजारच्या काकू ओट्यावर येऊन म्हणाल्या, "बाबू, पोरीची सीईटी आहे ना. तिच्या मोबाईलचा नेट दुपारीच सरून जाते. तुमचा वायफाय आमच्या घरी येते काय गा?" मी घरूनच काम करतो, म्हणून आमच्याकडे फायबर आहे. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. तिथल्या तिथे पासवर्ड सांगून टाकला. बीटेक करून, रोज सर्व्हरवर कोणाला किती परवानगी द्यायची हे ठरवण्याचा पगार घेणाऱ्या माणसाने!

पंधरा दिवसांनी आई टीव्हीवर सिरियल बघत होती. अचानक सिरियल गेली आणि झाडीपट्टीच्या एका नाटकाचा व्हिडिओ सुरू झाला. काकूंच्या मुलाने स्वतःच्या मोबाईलवर कास्टचं बटण दाबलं होतं आणि त्याच्या मोबाईलला आमचा टीव्ही दिसला. आई तर हसली, तिला नाटक आवडलंही. मी मात्र लॅपटॉप काढून राउटरच्या पानावर गेलो. एकोणीस उपकरणं जोडलेली होती. आमची पाच, काकूंकडची तीन, आणि बाकीची अकरा कोणाची? तर अँड्रॉइडवर वायफायचा क्यूआर कोड दाखवता येतो. मुलाने मित्रांना दाखवला, मित्रांनी त्यांच्या मित्रांना. संध्याकाळी आमच्या भिंतीला टेकून पोरं का बसतात, ते तेव्हा कळलं.

आता यात नक्की काय घडतं ते समजून घ्या. एका पासवर्डवर जोडलेली सगळी उपकरणं राउटरच्या दृष्टीने एकाच घरातली. टीव्ही, प्रिंटर, कॅमेरा, ऑफिसचा लॅपटॉप यांना ती एकमेकांत शोधू शकतात. ही झाली आतली बाजू. बाहेरची बाजू जास्त महत्त्वाची आहे. इंटरनेटवर गेल्यावर या सगळ्यांचा पत्ता, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस, एकच दिसतो. त्या पत्त्यावरून कोणी काही केलं, तर चौकशी करणारा कंपनीला विचारतो की अमुक वेळी हा पत्ता कोणाकडे होता. कंपनी बिलावरचं नाव देते. आमच्या बिलावर माझ्या वडिलांचं नाव आहे.

असं होऊ शकतं का? आपल्याच राज्यात झालंय. 26 जुलै 2008 ला अहमदाबादेत साखळी स्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला. माग काढत पोलीस पोचले नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटमध्ये. तिथे राहत होता एक अमेरिकन नोकरदार. त्याचं वायफाय उघडं होतं आणि ते कोणीतरी वापरलं होतं. एटीएसने त्याची चौकशी केली, कॉम्प्युटर तपासायला नेले. ऑगस्टमधला पुढचा ईमेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या वायफायवरून गेला. फेब्रुवारी 2009 मध्ये दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना ग्राहकांचं वायफाय सुरक्षित करून घ्यायला सांगितलं. घरी कनेक्शन लावायला येणारा माणूस आज पासवर्ड टाकूनच देतो, त्यामागे हीसुद्धा पार्श्वभूमी आहे.

मग शेजाऱ्याला द्यायचंच नाही का? द्यायचं, पण वेगळं नेटवर्क करून. बहुतेक राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क असतं. कंपनीने दिलेल्या काही डब्यांमध्ये त्याला नुसतं एसएसआयडी 2 म्हणतात. त्याला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड, सुरक्षा डब्ल्यूपीए 2 किंवा 3. त्याखाली आयसोलेशन नावाची खूण असेल तर ती चालू करा. म्हणजे तिकडच्या मोबाईलला इकडचा टीव्ही दिसत नाही. वेगाची मर्यादा घालता येत असेल तर तीही घाला. आमचा प्लॅन 40 एमबीपीएसचा आहे, म्हणजे सेकंदाला जेमतेम 5 एमबी. कोणी 30 जीबीची गेम उतरवायला लावली की लाइन पावणेदोन तास तिच्याच ताब्यात. आणि हे नेमकं माझ्या मीटिंगच्या वेळीच होतं.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. गेस्ट नेटवर्कने आतलं घर वेगळं होतं, बाहेरचा पत्ता तोच राहतो. म्हणून पासवर्ड कोणाकोणाकडे आहे ते बघत राहावं लागतं आणि मधूनमधून बदलावा लागतो.

मला अवघड गेलं ते हे काकूंना सांगणं. नेटवर्कचं नाव मी "गेस्ट"च ठेवलं होतं. काकू म्हणाल्या, "आमी पाहुणे आहो काय?" तीस वर्षांचा शेजार, माझं अर्धं लहानपण त्यांच्या अंगणात गेलेलं. मी नाव बदलून "कवेलू" ठेवलं, कारण त्यांचं घर कवेलूचं. मग टीव्हीचा किस्सा सांगितला, बिलावरच्या नावाचंही सांगितलं. मुलाने मान खाली घातली. मुलीने मात्र नेमका प्रश्न विचारला: "दादा, आमी काय पाहतो ते तुले सारं दिसते का?"

हा प्रश्न मला सुचायला हवा होता. उत्तर असं: कुठलं उपकरण जोडलंय ते दिसतं, आणि ठरवलं तर कुठल्या साइटवर गेलात त्याचं नावही बघता येतं. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, बँकेचा पासवर्ड, कुलपाची खूण असलेल्या साइटच्या आतलं पान दिसत नाही. आमच्या राउटरमधली साइटची नोंद तिच्यासमोरच बंद करून दाखवली. तुम्ही शेजाऱ्याचं वायफाय घेत असाल तर हे बिनधास्त विचारा.

काकूंना महिन्याला दोनशे रुपये द्यायचे होते. आई म्हणाली, "मग तुमच्या वालाच्या शेंगांचे पैसे आम्ही देऊ काय?" तो विषय तिथेच संपला. बरंच झालं, कारण घरगुती कनेक्शन पैसे घेऊन दुसऱ्याला द्यायला कंपन्यांच्या अटींमध्ये बहुधा मनाई असते. अर्जामागची बारीक अक्षरं एकदा वाचा. गावात रीतसर वायफाय विकायचं असेल तर पीएम-वाणी योजना आहे. डिसेंबर 2020 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ती मंजूर केली. त्यात किराणा दुकानदार, चहावाला कोणीही वायफाय देऊ शकतो, त्याला परवाना किंवा नोंदणी लागत नाही. त्याच्या मागे एक नोंदणीकृत संस्था असते, ती गिऱ्हाइकाची ओळख आणि हिशेब सांभाळते. दुकानदारांना कनेक्शनच फार महाग पडायचं. जून 2025 मध्ये ट्रायने 200 एमबीपीएसपर्यंतच्या प्लॅनला त्यांच्याकडून घरगुती दराच्या दुपटीहून जास्त घेता येणार नाही, असं ठरवलं.

सिग्नलचं थोडक्यात. 5 गिगाहर्ट्झ वेगवान असतं, पण भिंतीत अडकतं, म्हणून पलीकडच्या घराला 2.4 द्या. राउटर खिडकीत ठेवा. टिनाच्या पत्र्याआड सिग्नल जात नाही, पावसाळ्यात ओली मातीची भिंतही बराच पिऊन टाकते. तरी नाही पोचलं तर लॅन केबल टाका, शंभर मीटरपर्यंत चालते, आणि पलीकडे जुना राउटर लावा.

आणि वीज. राउटरच्या अ‍ॅडॉप्टरवर बहुधा 12 व्होल्ट लिहिलेलं असतं. तेवढं बघून छोटा यूपीएस घ्या. परवा संध्याकाळी वादळ आलं, सगळं गाव अंधारात. फायबर मात्र चालू होतं. खिडकीतून पाहिलं तर काकूंच्या घरात एकच उजेड, पोरीच्या मोबाईलचा. मॉक टेस्टचे चाळीस मिनिटं बाकी होते आणि काकू तिच्यावर सुपाने वारा घालत होत्या.