नव्या इंजिनाचे पहिले ऑईल लवकर का बदलावे?

नवीन ट्रॅक्टर दारात आला, पूजा झाली, की लगेच नांगरटीला लागतो. पहिले पन्नास तास भरतात तेव्हा हंगाम ऐन भरात असतो. डिपस्टिक काढून पाहावी तर ऑईलची पातळी बरोबर आणि बोटाला ते चांगले चिकट लागते. मग इतके लिटर चांगले ऑईल ओतून का द्यायचे, असे शेतकरी बंधूंना वाटणे साहजिक आहे. परंतु ही बदली ऑईल खराब झाले म्हणून करायची नसते. त्यात साठलेला धातूचा चुरा बाहेर काढायचा असतो.

नव्या लायनरच्या आतील बाजूस होनिंगच्या बारीक तिरप्या रेषा असतात. पहिल्या काही तासांत पिस्टनच्या रिंगा या रेषांचे उंचवटे घासून लायनरशी जुळतात. गिअर व कॅमही असेच एकमेकांशी जुळतात. हा सर्व चुरा ऑईलमध्ये उतरतो. ओतकामातील वाळूचा एखादा कण किंवा गॅस्केटला जास्त लावलेल्या पेस्टचा तुकडाही त्यात सापडतो. असा तुकडा ऑईल पंपाच्या जाळीवर बसला तर बेअरिंगला ऑईल कमी पडते. बोअर करून आणलेल्या इंजिनात तर अधिक काळजी हवी, कारण होनिंगनंतर ब्लॉक नीट धुतला नसेल तर घासदगडाची भुकटी आतच राहते.

फिल्टर आहे ना, मग चिंता कशाला? फिल्टर मोठे कण अडवतो, पण अगदी बारीक कण त्यातून निसटतात. बेअरिंगमधील ऑईलचा थर काही मायक्रॉनच जाड असतो. १ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्याच मापाचे कण जास्त झीज करतात. शिवाय ऑईल थंड व घट्ट असताना किंवा फिल्टर तुंबल्यावर बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑईल न गाळताच पुढे जाते. म्हणून ऑईलबरोबर फिल्टरही बदलावा. ड्रेन प्लगला लोहचुंबक असल्यास उत्तम, मात्र तो फक्त लोखंड व पोलाद धरतो. पिस्टनचे अ‍ॅल्युमिनियम किंवा बेअरिंगचे तांबे, शिसे त्याला चिकटत नाही.

विहिरीवरील लिस्टर पद्धतीच्या अनेक मंदगती इंजिनांत तर ऑईल गाळण्याची सोयच नसते. कनेक्टिंग रॉडच्या टोकाने चेंबरमधील ऑईल उडते व तेच सर्वत्र पोहोचते. तेथे चुरा बाहेर जाण्याचा मार्ग एकच, ऑईल बदलणे.

रंगावरून मात्र फसू नये. डिझेल इंजिनाचे ऑईल काजळीने लवकर काळे पडते, त्यात वावगे काही नाही; आणि सोनेरी दिसणाऱ्या ऑईलमध्येही चुरा असू शकतो.

पहिली बदली किती तासांनी, हे आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेत पाहावे. अनेक ट्रॅक्टरना ती ५० तासांच्या सुमारास सांगितलेली असते. इंजिन गरम करून, मग बंद करून लगेच ऑईल काढावे, म्हणजे तरंगणारा चुरा त्याच्याबरोबर येतो. हात मात्र सांभाळावा. ऑईल स्वच्छ पातेल्यात घ्यावे व थोडे मलमलच्या कापडातून गाळून उन्हात पाहावे. प्लगवर करडा, मऊ लेप दिसला तर घाबरण्याचे कारण नाही. चकचकीत पापुद्रे, बोटाला टोचणारे तुकडे किंवा तांबूस कण दिसले तर इंजिन पुन्हा सुरू करू नये, मेकॅनिकला दाखवावे. ऑईल दुधासारखे झाले असेल तर त्यात पाणी शिरले आहे.

या काळात पूर्ण भार देऊ नये, तसेच इंजिन तासन्‌तास रिकामेही चालवू नये. भाराविना रिंगा नीट बसत नाहीत, लायनर काचेसारखा गुळगुळीत होतो आणि इंजिन पुढे ऑईल खाऊ लागते. मध्यम भाराची, वेग कमी-जास्त होणारी कामे द्यावीत.

काढलेले ऑईल बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नये. डब्यात साठवून जुने ऑईल घेणाऱ्याला द्यावे. ट्रॅक्टरला तासमापक असतो, पंपाच्या इंजिनाला बहुधा नसतो. तेथे शेडच्या भिंतीवर खडूने रोजचे तास लिहीत जावेत.