गुडमन व गिल्मन
औषधिक्रियाविज्ञानावरील विख्यात इंग्रजी पाठ्यग्रंथ. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे अध्यापक लूइस गुडमन व ॲल्फ्रेड गिल्मन यांनी तो लिहिला. पहिली आवृत्ती १९४१ मध्ये निघाली. औषधांची नुसती जंत्री न देता त्यांची शरीरातील क्रिया व रोगोपचार यांची सांगड त्यात घातली आहे. विद्यार्थ्यांना मात्र त्याच्या आकाराचाच धाक वाटतो. १९४२ मध्ये या दोघांच्या संशोधनावरून लसीका ग्रंथींच्या कर्करोगाच्या एका रुग्णास नायट्रोजन मस्टर्ड हे युद्धातील विषारी वायूच्या वर्गातील द्रव्य शिरेवाटे देण्यात आले. गाठी झपाट्याने विरल्या, पण पुन्हा वाढल्या व रुग्ण दगावला. युद्धकालीन गुप्ततेमुळे हे निष्कर्ष १९४६ पर्यंत अप्रकाशित राहिले. कर्करोगावरील आधुनिक रासायनी चिकित्सेचा आरंभ सामान्यतः येथूनच मानतात. गिल्मन यांचे पुत्र ॲल्फ्रेड गुडमन गिल्मन (१९९४ च्या वैद्यकाच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी) हेही पुढे या ग्रंथाचे संपादक झाले.