दबल्याशिवाय उडी नाही

२१ ऑक्टोबर २००५ रोजी ‘हनुमान’ लागला तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती. सहामाही परीक्षा संपत आल्या होत्या, किल्ल्यांसाठी माती कुठून आणायची याची खलबतं सुरू होती आणि २६ जुलैच्या पुरात भिजलेल्या तळमजल्यांच्या भिंती आमच्या कल्याण-डोंबिवलीत अजून पुरत्या वाळल्या नव्हत्या. अशा वर्षी पोरांना दीड तास सगळं विसरायला लावणारा सिनेमा आला. सुट्टीनंतर माझ्या चित्रकलेच्या क्लासात मी निसर्गचित्र काढायला सांगो की वस्तुचित्र, कागदाच्या कोपऱ्यात गोबऱ्या गालांचा, शेपटी उभारलेला बाळ हनुमान उमटायचाच. एलिमेंटरीच्या तयारीला बसलेली मोठी मुलंसुद्धा त्याला अपवाद नव्हती.

दोन वर्षांनी, २८ डिसेंबर २००७ रोजी, ‘रिटर्न ऑफ हनुमान’ आला. मुलांनी तोही पाहिला, हसलीही. पण त्यातला मारुती एकाही कागदावर आला नाही.

मुलं ज्याच्यावर जीव लावतात त्याला चितारतात, हा माझा अनुभव आहे. म्हणून हा फरक माझ्या मनात राहिला. त्याचं कारण शोधायला मला माझा जुना धंदा उपयोगी पडला.

क्लास सुरू करण्याआधी मी अंधेरीच्या एका अ‍ॅनिमेशन स्टुडिओत इनबिट्विनर होते. डोंबिवलीहून दादर, दादरला गाडी बदलून अंधेरी, आणि तिथे दिवसभर लाइटबॉक्सवर मान घालून बसायचं. सिनेमाच्या एका सेकंदात २४ फ्रेम असतात. एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवलं तर सेकंदाला १२ चित्रं लागतात. मुख्य अ‍ॅनिमेटर हालचालीतले महत्त्वाचे टप्पे काढतो, त्यांना आम्ही ‘की’ म्हणायचो. दोन ‘की’च्या मधली चित्रं काढायची ती इनबिट्विनरने. पेगबारवर कागद बसवायचे, खालून दिवा लावायचा आणि मागच्या-पुढच्या रेषांच्या मधोमध नवी रेष ओढायची. मग ती चित्रं फटाफट उलटून बघायची. हात गेला की नाही, डोकं उगाच फुगलं की काय, ते तिथेच कळतं. आमच्याकडचं बहुतेक काम परदेशी मालिकांचं असायचं. गोष्ट त्यांची, पात्रं त्यांची, मजुरी आमची. त्यामुळे कुणीतरी आपल्या मारुतीवर पूर्ण लांबीचा सिनेमा करतंय हे कानावर आलं, तेव्हा या धंद्यातल्या सगळ्यांचेच कान टवकारले होते.

तो सिनेमा केला व्ही. जी. सामंत यांनी. सिल्व्हरटून्स आणि परसेप्ट पिक्चर कंपनी यांची निर्मिती, तापस रेलियांचं संगीत आणि मुकेश खन्नांचा आवाज. ‘भारतातला पहिला पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट’ असा त्याचा गाजावाजा झाला. तसं पाहिलं तर चेन्नईच्या पेंटामीडियाने २००० सालीच संगणकावर ‘पांडवाज’ केला होता आणि त्याच्याही आधी, १९९२ मध्ये, जपानचे युगो साको आणि आपले राम मोहन यांनी मिळून रामायणावर सुरेख चित्रपट काढला होता. पण थिएटरात जाऊन मुलांनी डोक्यावर घेतलेला पहिला देशी अ‍ॅनिमेशनपट ‘हनुमान’च, याबद्दल वाद नसावा.

‘हनुमान’मध्ये उणिवा नव्हत्या असं नाही. मोठा हनुमान ताठर वाटतो, उत्तरार्धात रामायण घाईघाईने उरकलंय, कुठे कुठे हालचालीला झटके बसतात. माझ्यासारखीला ते दिसणारच. पण पूर्वार्धातला बाळ हनुमान मात्र जिवंत होता. आपल्याकडच्या मुलांना मारुती माहीत असतो तो शेंदूर थापलेला. शनिवारी आजीचं बोट धरून जायचं, रुईची माळ आणि तेल वाहायचं. त्या शेंदराखाली नाक-डोळे कुठे असतील याचा अंदाजच करायचा. त्या मारुतीला सिनेमाने बाळसं दिलं आणि खोड्या करायला मोकळं सोडलं.

सूर्याला फळ समजून झेपावण्याचा प्रसंग घ्या. अ‍ॅनिमेशनच्या धंद्यात पहिल्याच आठवड्यात एक नियम शिकवतात : पात्राला वर उडवायचं असेल तर आधी खाली दाबा. गुडघे वाकू देत, पोट दबू दे, हात मागे जाऊ देत. दोन-चार चित्रं त्या दबण्यात घालवा आणि मग एकदम ताणून सोडा. हे दबणं गाळलं तर पात्र उडत नाही, नुसतं सरकतं. मी क्लासातल्या मुलांना वहीच्या कोपऱ्यावर हे करून दाखवते. पंधरा-वीस पानांवर एक मारुती काढायचा आणि अंगठ्याने पानं सोडायची. दबणारी पानं काढून टाकली की तोच मारुती कागदी पतंग होतो. मुलांना फरक क्षणात कळतो, समजवावा लागत नाही.

हाच नियम गोष्टीलाही लागू आहे, हे मला ‘हनुमान’ पुन्हा पाहताना उमगलं. हनुमानाची मूळ कथाच मुळी दबण्याची आणि सुटण्याची आहे. सूर्याकडे झेपावलेल्या पोराला इंद्राचं वज्र बसतं. पुढे ऋषींच्या खोड्या काढल्या म्हणून शाप मिळतो की तुला तुझ्या शक्तीचा विसर पडेल. मग तो कितीतरी काळ स्वतःला साधा वानर समजून वावरतो. समुद्राच्या काठावर सगळे हात टेकून बसलेले असताना जांबुवंत त्याला आठवण करून देतो, आणि मग ती उडी. मुलांना ती उडी थरारक वाटते, कारण तोवर ती गोष्ट इतका वेळ दबलेली असते. वाल्मीकींनी हे काम आधीच करून ठेवलं होतं. सामंतांनी ते बिघडवलं नाही, हे त्यांचं श्रेय.

दुसऱ्या भागाची कल्पना कागदावर वाईट नव्हती, उलट धाडसाची होती. मुलांना बाळ हनुमान हवा आहे हे निर्मात्यांनी अचूक ओळखलं होतं. पण रामायण तर सांगून झालं होतं. मग त्याला आजच्या काळात जन्माला घातलं. स्वर्गात कंटाळलेला हनुमान पृथ्वीवर जायची परवानगी मागतो, ब्रह्मदेव त्याच्याशी करार करतात आणि तो मारुती नावाचा मुलगा होऊन एका गावात जन्मतो, शाळेत जातो, दांडगट पोरांकडून मार खाणाऱ्या एका मुलाचा दोस्त होतो. शुक्राचार्य आणि राहू-केतू आहेत, प्रदूषणाचा धडाही आहे. दिग्दर्शन अनुराग कश्यप यांचं होतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांचा ‘ब्लॅक फ्रायडे’ अखेर प्रदर्शित झाला होता आणि ऑक्टोबरात ‘नो स्मोकिंग’. बॉम्बस्फोटांच्या तपासावर सिनेमा काढणाऱ्या माणसाने त्याच वर्षी लहान मुलांसाठी मारुती करावा, याचं आम्हाला तेव्हा फार अप्रूप वाटलं होतं.

माझा भाचा पहिल्या ‘हनुमान’च्या वेळी सात वर्षांचा होता. दुसऱ्या भागाला मीच त्याला घेऊन गेले. स्वर्गाचं ऑफिस झालंय, देव संगणक वापरतायत, या विनोदांवर आमच्या मागच्या रांगेतले बाबालोक खो-खो हसत होते. भाचा त्यांच्याकडे वळून बघायचा, मग माझ्याकडे. मध्यंतरात मी विचारलं, आवडतोय ना? तो म्हणाला, “चांगला आहे गं मावशी, पण याला काहीच अवघड जात नाहीये.”

नऊ वर्षांच्या पोराने केलेलं ते परीक्षण मला पुढे कुठल्याही समीक्षेपेक्षा जास्त उपयोगी पडलं. दुसऱ्या सिनेमातला मारुती जन्मतःच बलवान आहे. शक्ती दाखवायची नाही अशी अट आहे खरी, पण ती कथेला कुठे टोचत नाही. शापात सोसणं होतं, करारात नुसती गंमत आहे. मार खाणारा त्याचा दोस्त हाच खरा दबलेला मुलगा होता आणि सिनेमा त्याचा व्हायला हवा होता. पण नाव हनुमानाचं असल्यामुळे कॅमेरा हनुमानाला सोडायला तयार नाही. त्यात पात्रं करून दाखवण्याऐवजी बोलून दाखवतात. ज्या सिनेमात चित्रांनी धावायचं, तिथे संवाद धावतात.

मुंबईत चांगलं अ‍ॅनिमेशन करणारे हात नव्हते म्हणून असं झालं, असं कुणी म्हणेल तर ते खरं नाही. ‘रिटर्न ऑफ हनुमान’च्या एक आठवडा आधी, २१ डिसेंबरला, ‘तारे जमीं पर’ लागला होता. त्यात अक्षर-आकड्यांशी झगडणारा छोटा ईशान तीन नवे किती हा गुणाकार सोडवतो तो छोटा प्रसंग आठवा. तिसऱ्या ग्रहाला, म्हणजे पृथ्वीला, ओढत नेऊन तो नवव्या ग्रहावर, प्लुटोवर, आदळवतो. प्लुटो फुटतो आणि उत्तर येतं तीन. वैभव कुमारेश यांच्या स्टुडिओने केलेला तो तुकडा बघताना थिएटर हसतं आणि त्याच क्षणी पोटात कालवतं, कारण पेपरमध्ये हे चुकणार हे आपल्याला माहीत असतं. त्या आठवड्यात थिएटरांत लागलेलं सर्वांत चांगलं अ‍ॅनिमेशन अशा रीतीने एका साध्या, जिवंत नटांच्या सिनेमात होतं. तिथे मुलगा दबलेला होता, म्हणून उडी लागली.

नावावर दुसरा भाग खपवायचा मोह आपल्याकडेच आहे असंही नाही. डिस्नेने १९९४ च्या ‘द रिटर्न ऑफ जाफर’पासून वर्षानुवर्षं आपल्या गाजलेल्या चित्रपटांचे स्वस्तातले पुढचे भाग थेट व्हिडिओवर काढले. खुद्द ‘जंगल बुक’चा दुसरा भाग २००३ मध्ये थिएटरात आला आणि १९६७ च्या मूळ चित्रपटाच्या पासंगालाही पुरला नाही. उलट उदाहरणही तिथलंच. ‘टॉय स्टोरी २’ आधी व्हिडिओपुरताच ठरला होता. पिक्सारच्या लोकांना तो पटला नाही, तेव्हा त्यांनी प्रदर्शनाला जेमतेम नऊ-दहा महिने उरलेले असताना गोष्ट नव्याने बांधली. १९९९ मध्ये आलेला तो सिनेमा पहिल्याइतकाच, काहींच्या मते जास्तच, लाडका झाला.

आपल्याकडे मात्र ‘हनुमान’च्या यशातून धडा घेतला गेला तो ‘देव चालतात’ एवढाच. ‘कृष्णा’, ‘बाल गणेश’, ‘दशावतार’, ‘घटोत्कच’ अशी रांग लागली. २००८ मध्ये यशराज आणि डिस्नेचा ‘रोडसाइड रोमिओ’ही येऊन गेला. मग मुलं टीव्हीकडे वळली. त्याच वर्षी पोगोवर ‘छोटा भीम’ सुरू झाला आणि थिएटरातलं अ‍ॅनिमेशन बरीच वर्षं मागे पडलं. माझ्या जुन्या सहकाऱ्यांपैकी बरेच जण व्हीएफएक्सकडे गेले.

बालपणीची लाडकी गोष्ट परत आणायची कशी, याचं उत्तर खरं तर आपल्या नाटकवाल्यांकडे आहे. रत्नाकर मतकरींचं ‘अलबत्या गलबत्या’ २०१८ मध्ये चिन्मय मांडलेकरांच्या दिग्दर्शनात नव्याने आलं. पूर्वी दिलीप प्रभावळकरांनी गाजवलेली चेटकीण आता वैभव मांगले करत होते. ठाण्याच्या गडकरी रंगायतनात पोरांचा जो गलका मी ऐकला, त्यात मोबाइलच्या काळातली मुलं होती आणि चेटकीण मात्र तीच, तशीच दुष्ट. प्रकाशयोजना बदलली, नेपथ्य बदललं, पण तिची भीती कुणी विनोदाने बोथट केली नाही. मुलं घाबरली, म्हणूनच शेवटी नाचली.

२०२५ च्या जुलैमध्ये ‘महावतार नरसिंह’ आला आणि अ‍ॅनिमेशनसाठी पुन्हा थिएटरं भरली. त्याच्या तंत्राबद्दल मतभेद असू शकतात. पण गोष्टीचा आकार बघा : बाप पोराला छळत राहतो, पोर सोसत राहतं आणि खांब फुटतो तो शेवटी. आता त्याच मालिकेतले पुढचे अवतार येणार आहेत, म्हणजे परीक्षा पुन्हा तीच.

मुलांचा सिनेमा काढणाऱ्यांना एक इनबिट्विनर म्हणून माझं एवढंच सांगणं आहे : दुसरा भाग काढा, खुशाल काढा, पण पहिल्यात मुलांना आवडलेला नायक उचलताना त्याची अडचणही सोबत उचला. आणि पालकांनी एक करावं. सिनेमा संपल्यावर मुलाला ‘आवडला का?’ असं विचारू नका, मुलं हो म्हणतात. दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढे कोरा कागद ठेवा. त्यावर काय उमटतं, तेच त्या सिनेमाचं खरं परीक्षण.