इयत्ता विसरून एक तास

सकाळी १०.१५. परिपाठ, मग हजेरी. बीड जिल्ह्यातली आमची द्विशिक्षकी शाळा. चार इयत्ता, दोघं शिक्षक. हजेरी घेताना डोळा चौथीतल्या एका पोरावर. तो आला की जीव भांड्यात पडतो. मागं पडलेलं मूल आधी शाळा बुडवायला लागतं.

११.००. भाषेचा तास, इयत्ता विसरून. ‘प्रथम’ संस्थेने रुजवलेली ही रीत: मूल काय वाचू शकतं ते बघून गट पाडायचे. परिच्छेद आणि गोष्ट वाचणारी सरांकडे, अक्षर-शब्दांवर अडलेली माझ्याकडे. चौथीतला तो लांबोडका दुसरीतल्या मुलींशेजारी बसतो.

कार्डावर ‘पान’ होतं. तो म्हणाला, “पाणी.” पहिल्या अक्षरावरून ठोकून दिलं. मी बोटानं ‘न’ झाकला. “पा.” बोट काढलं. ओठ हलले. “पान.” कौतुकात वेळ न घालवता लगेच ‘कान’, ‘मान’, ‘रान’ पुढं केले.

१२.१५. गणित. सत्तावन्न सांगितलं की निम्मी पाटी ७५ लिहिते; कानावर आधी सात पडतो ना! २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास सात’ असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. त्यात हसण्यासारखं काय होतं, मला अजून कळलेलं नाही. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे, सुट्या सात. गठ्ठे हातात आले की आकडे जागेवर बसतात.

१.३०. खिचडी. ताटं वाढताना वरून फोन: माहिती ताबडतोब भरा. भरली.

२.३०. चौथीचं ‘शिवछत्रपती’. १६५९ची प्रतापगडाची भेट त्या लांबोडक्याला तोंडपाठ, पुस्तकातला परिच्छेद मात्र वाचता येत नाही. मग त्यानं सांगायचं, मी फळ्यावर लिहायचं. स्वतःचीच वाक्यं तो पट्टी ठेवून वाचतो. ‘प्रतापगड’च्या जोडाक्षराशी अडतो, पण सोडत नाही.

५.००. शाळा सुटली. त्याची आई रानातून परस्पर फाटकाशी आलेली.

“बाई, शिकवणी लावू का याला?”

“शिकवणी नको, ताई. दिवाळीनंतर ऊसतोडीला नेऊ नका, एवढंच करा. आत्ता कुठं गाडी रुळावर येतीय.”

“ठेवू कुणापाशी? म्हातारी थकलीय.”

“हंगामी वसतिगृहाचा विषय शाळा समितीच्या बैठकीत घेतेय. तुम्ही बैठकीला या, आणि अजून कोणकोण जाणारेत त्यांनाही आणा.”